दारातली न कोरलेली जागा

नानासाहेब खांबेट्यांनी पहिल्याच भेटीत मला घाबरवले होते, हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात सांगायला हरकत नाही. मी महाडच्या शाळेत नवा ड्रॉइंग मास्तर. मुंबईच्या चित्रकारांत उमेदीची वर्षे काढून परतलेले हे गृहस्थ लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून छापतात, एवढे ऐकून गेलो होतो. भिंतीवर दोन चित्रे होती. एकात मुंबईची खोली, एकाच कपातून चहा पिणारी, जातपात विसरलेली मित्रमंडळी. दुसऱ्यात आपल्या गावचे हळदीकुंकू. नटलेल्या बायका, आणि सगळ्या डाव्या हाताने कुंकू लावताहेत. माझ्या अंगावर काटाच आला.

"छापताना चित्र उलटते," नानासाहेब म्हणाले. "मित्रांचे हात मी आधीच उलटे कोरले, म्हणून ते सुलट उमटले. गाव मात्र दिसले तसेच कोरले."

त्या हळदीकुंकवात, दाराबाहेर, बाईच्या उंचीएवढा काळाकुट्ट भाग होता. लाकूड कोरले नाही की तिथे काळेच उमटते. ती जागा ताराबाईंची. ताराबाई डोंगरातल्या कुडपण गावच्या. मुंबईत त्या चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसत. नानासाहेबांनी त्यांच्याशी रीतसर लग्न केले. गावाने ते मानले नाही आणि हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना कधी गेले नाही.

माझी पत्नी तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा नानासाहेब स्वतः वैद्यांना घेऊन आले. ताराबाई रोज पेज आणत, पण उंबऱ्याबाहेरूनच देत. पत्नी म्हणाली, "आत या ना." त्या हसल्या.

"सगळ्यांचं बोलावणं येऊं दे गो बाय. मी कुठं जात नाय. हितंच हाय, दारात."

त्यानंतरचा हळदीकुंकवाचा छाप मी पाहिला. काळा भाग उंबऱ्याच्या आत आला होता. ठोकळ्याला हत्यार लागलेले नव्हते.

"दमट हवेत लाकूड फुगते," नानासाहेब म्हणाले. चित्राकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

सत्कार समितीने नानासाहेबांना एकट्यांनाच बोलावले, ताराबाईंना नाही. ते एवढेच म्हणाले, "चित्र अपुरे आहे, सत्कार पुरा कसा घेऊ?" हळदीकुंकवाचे बोलावणे येईल त्या दिवशी ती जागा कोरून ताराबाईंचा चेहरा मोकळा करण्याचे त्यांनी मला कबूल केले आहे. या ग्रंथासाठी काढलेल्या छापात ती काळी आकृती बायकांच्या अगदी पाठीशी उभी आहे. मला तिची भीती वाटते, आणि आपल्या सगळ्यांची लाजही.

म्हणून भगिनींनो, करंडा घेऊन त्यांच्या घरी जा, आणि उजव्या हाताने कुंकू लावा.

नानासाहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांचा हात असाच स्थिर राहो. ताराबाईंनाही तेवढेच आयुष्य लाभो. चेहरा कोरायचा तर माणूस समोर बसलेले हवे.