स्विचमधला छर्रा

माझा धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन कडेगावला परतला, तेव्हा त्याची मोटरसायकल सहा वर्षं साताऱ्यात माझ्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती. बदली लांब झाली म्हणून त्यानं ती माझ्याकडं आणून ठेवली होती. दोन स्ट्रोकची जुनी लाल गाडी, टाकीला गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली. पेन्शनचे कागद हातात आले आणि त्याचा फोन आला, "आक्का, गाडी दुरुस्त करून ठेव. मी न्यायला येतो."

कोपऱ्यावरच्या मेस्त्रीनं इंजिन खोललं, टाकी रंगवायला पाठवली. हँडलवरचे स्विच मात्र त्यानं पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "बाई, तुम्ही चित्रकला शिकवता. हे बारीक काम तुम्हीच करा, आमचा हात जड."

मला ते आवडलं, हे कबूल करते. अंगणात पेपर पसरून मी स्विच खोलले. जुना रंग थिनरनं काढला, पॉलिश पेपरनं घासला, काळ्या रंगाचे दोन हात दिले. खोदलेल्या अक्षरांत बारीक ब्रशनं पांढरा रंग भरला आणि बाहेर आलेला फडक्यानं टिपला. इंजिन बंद करायच्या खटक्याला लाल रंग दिला. तो खटका मधे असला की इंजिन चालतं, बाजूला सरकवला की बंद. लाल रंग नीट बसेना म्हणून मी त्यावर तीन हात चढवले. वर्गातल्या मुलांना मी सांगते, रंग जाड लावू नका. स्वतःच्या कामात ते आठवलं नाही.

भाऊ सकाळच्या एसटीनं आला, तेव्हा शेवटचा स्विच मी घाईघाईत जोडत होते. जोडून झाल्यावर लाल खटका सरकवून पाहिला. पूर्वी तो टक् करून जागेवर बसायचा. आता नुसताच सरकला. मला ते जाणवलं. अगदी स्पष्ट जाणवलं. पण बाहेर मेस्त्री वायरी हातात धरून उभा होता, भाऊ टाकीवरून हात फिरवत होता, आणि मी स्विच देऊन टाकला.

निघण्यापूर्वी भावानं अंगठ्यानं खटका हलवला. "आक्का, ह्यो मऊ लागतोय गं."

"नवा रंग हाय," मी म्हणाले. "चार दिवसांत बसंल."

त्यानं मान हलवली. मोठी बहीण सांगते म्हटल्यावर त्यानं पुढं विचारलं नाही. अकराच्या सुमाराला तो गेला.

मी पसारा आवरायला घेतला. रंगाची बशी धुवायला उचलली तर वाळलेल्या लाल सायीत काहीतरी टोचलं. नखानं उकरलं. साबुदाण्याएवढा स्टीलचा छर्रा होता. खटक्याच्या पोटात स्प्रिंगवर बसून त्याला जागच्या जागी अडकवून धरणारा हाच तो. छर्रा नसला की खटका धक्क्यानं सरकणार आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणार.

हात बशीतच राहिला. महामार्गावर साखर कारखान्यांचा सीझन सुरू होता. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना वळसा घालून जाणारे ट्रक. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चार वेळा.

छर्रा कागदात गुंडाळून पाकिटात टाकला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरातल्याच चपलांवर स्कूटर काढली. शेंद्र्याच्या पुढं लागल्यावर प्रत्येक ट्रॉलीच्या पुढं गेलं की आधी रस्त्याच्या कडेला बघायचं, असं चाललं. नागठाण्याजवळ थोडी गर्दी दिसली आणि मी ब्रेक दाबला. टायर पंक्चर झालेला टेम्पो होता. मी मनात वाक्य जुळवत होते. भावजयीला काय सांगायचं? छर्रा बशीत राहिला असं सांगायचं? माझ्या हातून, असं सांगायचं? अतीत गेलं. एका ट्रॅक्टरवाल्याला ओरडून विचारलं, "जुनी लाल मोटरसायकल दिसली का?" त्यानं पुढं हात केला, पण नुसता पुढं, त्यावरून काहीच कळेना.

काशीळच्या अलीकडं तो दिसला. गाडी कडेला स्टँडवर, आणि तो ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेला. हेल्मेट मांडीवर. मी स्कूटर नीट उभीही केली नाही.

"लागलं का? कुठं लागलं?"

"न्हाई," तो म्हणाला. "तू कशी आलीस?"

मग त्यानं सांगितलं. ट्रॅक्टरच्या पुढं जाताना इंजिन बंद पडलं होतं. गाडी तशीच कडेला घेईपर्यंत मागचा ट्रक अंगावर आला होता. ट्रकवाला कसाबसा थांबला, शिव्या घालून निघून गेला. त्यानंतर यानं पंधरा-वीस किका मारल्या, प्लग काढून पुसला. गाडी चालू होईना.

"माझीच चूक," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "सवय गेली, आक्का. माझ्याच्यानं आता व्हत न्हाई. तू मेस्त्रीला सांग, गिऱ्हाईक बघ. इकून टाकू."

मी हँडलकडं पाहिलं. लाल खटका मधल्या खुणेपासून तिळभर सरकलेला होता. ज्याला माहीत नाही त्याच्या लक्षातही आला नसता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिताना अजून लाज वाटते. वाटलं, गप्प बसावं. गाडी विकली जाईल, तो पुन्हा या रस्त्यावर येणार नाही, माझी चूक कुणाला कळणार नाही. खटका हळूच मधे ढकलला की झालं. दोन ट्रक गेले, तेवढा वेळ मी गप्प राहिले.

मग पाकिटातला कागद काढून त्याच्यापुढं उघडला. "तुझी चूक न्हाई. ह्यो माझ्याकडं राहिला. खटका सैल हाय हे मला घरीच कळलं होतं."

त्यानं छर्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी तुला इचारलं व्हतं."

"व्हय."

"अन् तू रंगाचं सांगितलंस."

"व्हय."

तो उठून मोरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. परत आला तेव्हा फक्त म्हणाला, "स्क्रूड्रायव्हर आणलाय?"

आम्ही स्विच उघडला. छर्र्याच्या भोकात माझाच लाल रंग साचून घट्ट झाला होता. मी तो खरवडून काढला, खटक्याचा अर्धा रंग त्यात गेला. त्यानं स्प्रिंगवर छर्रा ठेवला, मी अंगठ्यानं दाबून धरला, त्यानं स्क्रू आवळले. खटका सरकवला. टक्. दुसऱ्या किकेला इंजिन लागलं.

पण तो गाडीवर बसेना. इंजिन बंद करून पुन्हा कठड्यावर टेकला.

"आणखी एक हाय," तो म्हणाला. "ट्रकवाला म्हनला, मी कवापासनं हॉर्न मारतोय. मला ऐकूच आला न्हाई, आक्का. काहीच न्हाई. उजवा कान तोफखान्यातच गेलाय. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

मला मघाचे माझे चार फोन आठवले. मग गेल्या वर्षभरातले किती तरी, जे त्यानं उचलले नव्हते आणि ज्यांचा मला राग आला होता.

गाडी तिथं सोडायला तो तयार नव्हता. शेवटी ठरलं की त्यानं कडेनं चाळीसच्या आत चालवायची आणि मी मागून यायचं, कुणाला पुढं जायचं असेल तर हात दाखवून थांबवायचं. उंब्रज, कऱ्हाड, मग कडेगावचा रस्ता. भावजयीनं मला स्कूटरवर बघून विचारलं तेव्हा त्यानंच उत्तर दिलं, "आक्काला गाडी कशी चालतीय ती बघायची व्हती."

पंधरा दिवसांनी मी त्याला सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. माझ्यावरचा राग अजून पुरता गेला नव्हता. एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. दवाखान्यात त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर, तपासणाऱ्या बाईंच्या मागं उभी होते. त्या मशीनवर आवाज वाढवत होत्या, काटा पुढं पुढं सरकत होता. भाऊ समोर ताठ बसलेला, परेडला उभा असावा तसा. त्याचा अंगठा बटणावर होता. अंगठा हलत नव्हता.

"उजवा झाला," बाई म्हणाल्या. "आता डावा लावते."

आणि या वेळी, जरा वेळानं का होईना, त्यानं बटण दाबलं.