मामाजींच्या निवेदनाची सॉफ्ट कॉपी

सासुरवाडीत मी कम्प्युटरतज्ज्ञ समजला जात असे. ही समजूत मीच पसरवली होती.

त्या वर्षी दर्यापूरकडच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. हिरवीगार बोंडं फोडावीत, तर आत नुसती घाण! पाहणीला पथक येणार म्हणून मामाजींनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) गावाच्या वतीनं नऊ पानी निवेदन लिहिलं. अक्षर असं वळणदार, की लग्नपत्रिका वाटावी. पण तहसील कार्यालयातल्या बाबूंनी ते परत केलं.

"हातचं नाही चालत. वर्डमध्ये पायजे. साहेबाले दुरुस्ती कराची असते."

"नुकसान आमचं झालं, त्याच्यात साहेब काय दुरुस्त करून राहिला?" मामाजी भडकले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या गळ्यात नवा कॅमेरा होता!

"टाइप काहून करता, मामाजी? फोटो काढतो. कम्प्युटर आपोआप वाचते!"

नऊ पानांचे नऊ फोटो काढले, बाबूंकडे नेले. एक उघडेल तर शपथ!

"हे कोणती फाइल होय?"

"रॉ फाइल," मी ऐटीत म्हणालो. "रॉ म्हणजे कच्ची. कॅमेऱ्यातून निघते तशीच."

"कच्चं नाही घेत आमी. पक्कं आणा."

घरी येऊन फोटो पक्के केले, वर्डमध्ये चिकटवले, पुन्हा गेलो. या खेपेला उघडले! पण बाबूंनी एका शब्दावर क्लिक केलं आणि अख्खं पान उचलून बाजूला सरकलं.

"आता याच्यात खाडाखोड कुठी करू?"

शेवटी सलीमभाईंचं कम्प्युटरचं दुकान गाठलं. त्यांच्याकडे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर होतं. फोटो टाकले आणि दोन मिनिटांत नऊ पानं टाइप! मामाजींनी माझी पाठ थोपटली (लग्नानंतर प्रथमच).

सलीमभाई म्हणाले, "जावईबापू, एक बार पढ तो लो."

"मशीन चुकत नसते, सलीमभाई!" म्हणत मी प्रिंट घेऊन निघालोसुद्धा.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. समोर पथकाचे साहेब, पहिल्या ओळीत गुलाबी लुगड्यात सासूबाई. वाचनाचा मान अर्थातच मला. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"महोदय, यंदा आमच्या शेतात गुलाबी मंडळी शिरली आहे..."

साहेबांनी मान वर केली. मशीननं बोंडअळीची मंडळी केली होती! आणि आमच्याकडे जुनी माणसं बायकोला 'मंडळी' म्हणतात. पण माझा सूर इतका लागला होता, की मी काय वाचतोय तेच मला कळेना.

"...ही मंडळी वरून दिसत नाही, आतून पोखरते. तीन वेळा फवारणी केली, तरी मंडळी मरत नाही! तरी या मंडळीचा तत्काळ नायनाट करावा, ही नम्र विनंती!"

खाली मामाजींची सही. तीही मी वाचली.

सासूबाई उभ्या राहिल्या. "तीन खेपा फवारलं मले?"

"अवं, म्या अळी लिवलं होतं!"

"नऊ पानं लिवले माह्यावर! चाळीस वर्सात एक चिठ्ठी नाही लिवली कधी!"

साहेबांनी हसू दाबत मामाजींच्या हातची मूळ पानं मागून घेतली, बांधाबांधानं फिरून शेतं पाहिली, पंचनामे केले. गावाचं काम झालं. माझी प्रिंट मात्र बाबूंनी इमानेइतबारे पुढे धाडली आणि ती नेमकी महिलांच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयात पोचली! महिनाभरानं दोन मॅडम दारात हजर.

"आजी, घाबरू नका. नवऱ्याचा काय त्रास आहे?"

"त्यायचा नाही," सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या जावयाचा हाय. घ्या लिवून!"

"आम्हाला लेखी लागतं. टाइप केलेलं."

सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. मी कम्प्युटरपुढे बसलो आणि सासूबाई सांगतील तशी माझ्याविरुद्धची तक्रार टाइप करून दिली. मॅडमनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "इतकी बिनचूक तक्रार आमच्याकडे आजवर आली नव्हती."