केटल बेंडचा तरवाला

वासिल तेर्लेत्स्की माझ्या आईचा सख्खा मामा. कॅनडातल्या सस्कॅचेवानात आमच्या नदीवर आडवी जाड तार होती आणि तिला अडकवलेला मोठा लाकडी तराफा प्रवाहाच्या जोरावर या काठाहून त्या काठाला जायचा. तो तराफा मामा चालवायचा.

उत्तर काठावर आम्ही, युक्रेनहून आलेली कुटुंबं. दक्षिणेला रेल्वे, दुकानं आणि स्कॉटिश माणसं. दोन्ही मिळून विधानसभेचा एकच मतदारसंघ, केटल बेंड. तो आखला तेव्हा उत्तरेला वस्ती जेमतेम होती, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. पुढे आमची माणसं वाढली, मतदार झाली, आणि दक्षिणेतल्या काहींना ती खुपायला लागली.

आमदार होते मर्डो किन्लॉक, माणूस तसा सरळ. लाकूडतोडीत मामाचा पाय मोडला, तेव्हा त्यांनीच त्याला तराफ्याचं सरकारी काम मिळवून दिलं होतं. म्हणून मामा दर निवडणुकीला न चुकता त्यांना मत द्यायचा आणि तसं उघड सांगायचा.

एकोणीसशे पंचवीस सालच्या जूनमध्ये आमच्यातला मिखाइलो बाबियुक किन्लॉकविरुद्ध उभा राहिला. नेमकं त्याच वर्षी उत्तरेचं मतदान केंद्र बंद झालं. ते भरायचं त्या शाळेचं छप्पर गळतं म्हणे. सगळ्यांनी दक्षिणेला येऊन मत द्यायचं असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी टॉम ऑडी मामाकडे आला. तो लोखंडी सामानाचा दुकानदार आणि किन्लॉकचा उजवा हात.

"वासिल, नदीला पाणी चढलंय. तार जुनी आहे. उद्या तराफा बंद ठेवलास तर कोणी काही म्हणणार नाही."

"तार गेल्याच साली बदललीय."

"तरी जुनीच समज. तुझी नोकरी कोणामुळे आहे, हे मी सांगायला नको."

"ते मीच सगळ्यांना सांगत असतो," मामा म्हणाला.

ऑडी गेल्यावर पारास्कामामीनं ताटात वाफाळते उकडलेले बटाटे वाढले आणि विचारलं, "काय करणार आहेस?"

"पाणी पाहतो सकाळी."

"पाण्याचं नको सांगूस मला. पोरांना खायला काय घालायचं तेवढं सांग."

मामानं बटाटा सोलायला घेतला. थोड्या वेळानं मामीच म्हणाली, "माझं मत बाबियुकला आहे. मला तरी पलीकडे नेशील ना?"

सकाळी पाणी खरंच चढलेलं होतं, पण तराफा चालण्याजोगं होतं. काठावर गाड्या, घोडे, डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या अशी रांग लागली होती. मामानं दोर सोडला. दिवसभर तो माणसं नेत आणि आणत राहिला, जेवायलाही थांबला नाही. दुपारी त्यानं स्वतःचं मत दिलं, आणि ते किन्लॉकलाच.

बाबियुक थोडक्या मतांनी निवडून आला. सरकार मात्र किन्लॉकच्याच पक्षाचं राहिलं, आणि महिन्याभरात मामाचं काम गेलं. त्याच्या जागी ऑडीचा मेहुणा आला.

बाबियुक आभार मानायला घरी आला, तेव्हा मामा म्हणाला, "आभार कसले? मी तुला मत दिलेलं नाही."

"मग आम्हाला नेलंस कशाला?"

"तराफा होता. लोकांना जायचं होतं."

मामी आतून म्हणाली, "माझे मान आभार. मी दिलंय."

पुढची वर्षं वाईट गेली. मामा अधू पायानं पुन्हा जंगलात लाकडं तोडायला लागला. मामी दक्षिणेतल्या खाणावळीत भांडी घासायची. सरकार बदललं तेव्हा बाबियुकनं खटपट करून मामाला तराफा परत मिळवून दिला. मामानं तो मुकाट घेतला. अभिमान धरण्याइतका त्याचा पाय राहिला नव्हता.

मग बातमी आली की केटल बेंड मोडणार. नदीच नवी हद्द होणार, उत्तर एका मतदारसंघात आणि दक्षिण दुसऱ्यात. आम्हाला वाटलं, सुटलो. पण बाबियुक आणि किन्लॉक, इतकी वर्षं एकमेकांना पाडणारे, दोघं मिळून मतदारसंघ मोडू नका म्हणून राजधानीला रदबदली करायला गेले. इथली माणसं एकमेकांशी निदान भांडतात तरी, असं किन्लॉक तिथं म्हणाले म्हणे. कुणी ऐकलं नाही.

परतताना बाबियुकला घरी सोडायला किन्लॉकही तराफ्यावर आले. मधल्या प्रवाहात ते मामाजवळ जाऊन उभे राहिले.

"तुला काढायला मी सांगितलं नव्हतं, वासिल. ते ऑडीनं केलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग ते तुम्हीच केलंत," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही, सुकाणूवरचा हातही हलवला नाही.

किन्लॉकनी मान डोलावली. काठ लागल्यावर ते उतरले, आणि बाबियुकनं बोलावल्यावर मामाही त्यांच्यामागून चहाला गेला. तिघं बराच वेळ बसले. गव्हाच्या भावाबद्दल बोलले, असं मामी सांगते.

नव्या हद्दीनंतरच्या पहिल्या निवडणुकीला आम्ही आमच्याच शाळेत मत दिलं. त्या दिवशी तराफ्यावर फारसं कोणी आलं नाही. मामानं दुपारी खाली बसून फळ्यांच्या फटीत डांबर भरलं. संध्याकाळी पलीकडच्या कोणाची तरी गाय व्यायला अडली होती, म्हणून गुरांचं जाणणाऱ्या आमच्याकडच्या एका म्हातारीला बोलावणं आलं. तिला घेऊन तो निघाला.