गल्लीला ऐकू न येणारा रियाज

समजा, तुमच्या हातात ट्रम्पेट आहे. तिची फुंकायची पितळी वाटी ओठांवर टेकवा आणि फुंका. वरचा सूर लागत नाही? मग वाटी आणखी दाबा. ओठ दातांवर चेपतील, हुळहुळतील, मग बधिर होतील. तरी थांबू नका. थांबलात तर कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडेलच, "काय रे, दम संपला की बायकोनं गप्प केलं?"

व्रान्ये शहरातल्या रोमा लोकांच्या वस्तीत रेजेप असाच शिकला. वस्तीचा कायदा एकच: जो रियाज गल्लीला ऐकू येत नाही, तो झालाच नाही. म्हणून सगळे दारात उभे राहून छाती फाटेस्तोवर फुंकायचे. रेजेपचा बाप जेमाइल बँडचा म्होरक्या. तो कॉफी घेऊन बाकावर बसायचा. पोराचा ओठ फुटून रक्त आलं, तेव्हा त्यानं मान डोलावली होती. "आता कुठं ट्रम्पेट तुझ्याशी बोलायला लागली, लेका!"

रेजेप मोठा झाला, बँडचा पहिला ट्रम्पेटवाला झाला आणि त्याच दाबानं वाजवत राहिला. मग गेल्या शरदात एका लग्नात, नवरी उंबऱ्याबाहेर पडत असतानाच त्याचा ओठ गेला. सुराऐवजी नुसती हवा निघाली. "टायर पंक्चर!" नवऱ्याचा मामा खिदळला. जेमाइलनं पोराकडे पाहिलंही नाही. हातानंच खूण करून त्यानं पुतण्याला, ओर्हानला, पुढे काढलं.

तेव्हापासून रेजेप मागच्या रांगेत. हातात जाडजूड हॉर्न, काम नुसतं 'उंप-उंप' करायचं. वसंतातल्या जुर्जेवदानच्या सणाला पहाटे पहिला ट्रम्पेटवाला एकटा वाजवत वस्ती जागी करतो. तो मान आजोबांपासून रेजेपच्या घरात होता. यंदा तो ओर्हानचा, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. रेजेपला तो परत हवा होता.

हिवाळ्यात ओठाला जोर सोसेना. मग तो लाकडांच्या खोपटात बसू लागला. ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात लोकरी मोजा कोंबायचा, एकच सूर हलकेच धरायचा. जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती. ओठ दमतोय असं वाटताच ट्रम्पेट खाली. दारातून ओर्हानचा दणदणाट ऐकू यायचा, तेव्हा त्याचे हात शिवशिवायचे. दात आवळून तो मोजा आणखी आत कोंबायचा. आलुबुखाराची झाडं फुलली आणि एके दिवशी वरचा सूर न दाबताच लागला.

नेमकी तेव्हाच आई, हायरिया, सरपण न्यायला आत आली. त्याला पाहून हसायलाच लागली.

"अगदी बापावर गेलास हो!"

"म्हणजे गं?"

"तोही इथंच बसायचा. माझाच मोजा कोंबायचा मेला! दमायच्या आत थांबायचा. म्हणायचा, ओठ म्हणजे बैल नाही, मारून चालायला."

"मग दारात फुंकायचा ते?"

"ते गल्लीला दाखवायला रे. खरं काम इथं व्हायचं."

रेजेप ट्रम्पेट घेऊन तसाच बाहेर आला. बाकावर जेमाइल आणि ओर्हान सोंगट्या खेळत होते.

"बा, खोपटातला रियाज मला का नाही दाखवलास?"

ओर्हाननं मान वर केली. "कसला रियाज, काका?"

"तू फासे टाक," जेमाइल त्याच्यावर खेकसला. मग रेजेपला म्हणाला, "गल्लीत भित्रा म्हणवून घ्यायचं होतं का तुला?"

"तू म्हणवून घेतलंस का?"

"मला कुणी पाहिलंच नाही."

"मलाही कुणी पाहिलं नसतं! ओठ गेला माझा, बा. भर लग्नात गेला. आणि तू नुसता हात हलवून मला मागं हाकललंस!"

"ओरडू नको. लोक ऐकतायत."

"ऐकू दे की! ऐकू आलं तरच खरं ना इथं?"

त्यानं ट्रम्पेट उचलली आणि वरचा सूर लावला. हलका, लांब, न थरथरणारा. समोरच्या कुंपणापाशी गालिचा झटकणारी बाई थांबली. जेमाइलनं सोंगटी मुठीत दाबली.

"बरं बाबा, जुर्जेवदानला तूच वाजव. झालं समाधान?"

झालं नव्हतं. सणाच्या पहाटे रेजेप वाजवत निघाला. दारोदारी सणाच्या, विलो झाडाच्या हिरव्या फांद्या लावलेल्या, माणसं अंथरुणातून उठून बाहेर आलेली. सूर एकदाही चिरकला नाही. जेमाइल छाती काढून शेजारून चालत होता, भेटेल त्याला सांगत होता, "माझं शिकवणं आहे हे!"

रेजेपनं ट्रम्पेट ओठांवरून काढली. मान मिळाला होता, पण राग जागचा हलला नव्हता.

"बा, माझ्या ओठातून रक्त आलं आणि तू मान डोलावलीस, तेव्हा तुझ्या मनात नेमकं काय होतं?"