बिडाचा तवा आणि जावेचा टिश्यू रोल

माझ्या धाकट्या जावेच्या ओट्यावर टिश्यू पेपरचा रोल उभा असतो. त्याला स्वतःचा स्टँड आहे. सुरमईचं पाणी टिपायचं, कागद. तळलेले बोंबील काढायचे, खाली कागद. चहा सांडला, कागद. आणि सगळं लगेच कचऱ्यात. माझ्या घरात जुन्या साडीचं आधी दुपटं होतं, मग हातपुसणं, शेवटी पोतेरं. गाडीवर घावणे विकून मी रत्नागिरीत घर केलं ते असंच. ती नवऱ्याच्या पगारावर कागद फाडते.

तेही सोसलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी संगमेश्वरकडचं घर बंद करून सासूबाई आल्या त्या तिच्याच फ्लॅटवर, आणि सोबत त्यांचा बिडाचा तवा. त्यावर घावन जसं सुटतं तसं माझ्या कुठल्याच तव्यावर सुटत नाही. तो थोरलीला, त्यातून घावणे विकणारीला मिळणार, हे मी धरून चालले होते.

एका रविवारी गेले, तर जाऊ त्याच तव्यावर घावणे घालत होती. बिडाला साबण लावत नाहीत, तेलाचं पुसणं फिरवतात. आम्ही त्यासाठी नारळाची शेंडी वापरतो. हिने कागदाची घडी तेलात बुडवून फिरवली.

"बघ गो, कसं पांढरं काढलंन," सासूबाई मला म्हणाल्या. "तुझ्या शेंडीचा धागा येतो तोंडात."

"शेंडी तुम्हीच शिकवलीत, आई."

"तेव्हा कागद होता कुठे?"

जाऊ हसली. ते हसणं घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी घासाघीस करून मीही रोल आणला. सासूबाईंना तव्यासकट जेवायला बोलावलं. पण कोरा कागद तेलात घालवायला हात होईना. त्याच रोलमधला एक आधी कोथिंबिरीला गुंडाळला होता, तो दोरीवर वाळवून ठेवला होता, तोच घेतला. तापल्या बिडावर त्याचा लगदा झाला आणि घावनाला चिकटला.

सासूबाईंनी बोटाने कागद वेचून ताटाच्या कडेला लावला. "दोरीवर वाळत होता तोच ना हा?"

"मग काय, टाकून द्यायचा?"

"तिने टाकला असतान."

माझ्या हातातलं उलथणं मी ओट्यावर आपटलं. सासूबाई तवा पिशवीत घालून रिक्षाने परत गेल्या.

चार दिवसांनी जाऊ स्कूटीवरून दारात आली. हातात तीच पिशवी.

"आईंना मीच म्हटलं, ताईंना रोज लागतो. माझ्याकडे नॉनस्टिक आहे."

ज्यासाठी मी दोन वर्षं भांडायला तयार होते, ते तिला नकोच होतं. नको म्हणून तिच्या तोंडावर पिशवी परत करावी असं फार वाटलं. पण सकाळी गाडी लावायची होती. मी पिशवी घेतली, आणि तिला चहाही विचारला नाही.