थांबला की फटका

कसबा बावड्यात जोतीराम वस्तादांच्या हातचा मार न खाल्लेला पोरगा त्यांच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. ते मर्दानी खेळ शिकवायचे आणि शिकवायची पद्धत एकच. पोरानं अंगाभोवती लाठी फिरवायची आणि फिरवतच राहायची. लाठी थांबली की वस्तादांची वेताची काठी आत शिरायची आणि जिथं लागेल तिथं लागायची. भुवई फाटली, बोट मोडलं, तरी आईबाप तक्रार करत नसत. उलट तेच पोराला वस्तादांच्या पाया पडायला लावत. अशा आईबापांचं काय करावं, सांगा!

उदयसिंह तर वस्तादांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे त्याला दुप्पट. समोरचा अर्धा दात त्यानं याच काठीला दिलेला. तरी पोरगा अभ्यासात हुशार निघाला आणि उसाच्या मुळांना लागणाऱ्या बुरशीवर शिकायला थेट स्कॉटलंडला गेला. तिथं पहिल्याच वर्षी तोंडावर आपटला. इंग्रजी लिहायचा झकास, पण चारचौघांपुढं उभा राहिला की जीभ सुसाट सुटायची. श्वास नाही, विसावा नाही, शब्दावर शब्द आदळायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. शेवटी त्याच्या प्राध्यापक हेलनबाई स्पष्टच बोलल्या. सुट्टीत घरी जा, बोलण्याचा सराव कर, आणि सुट्टी संपायच्या आत व्हिडिओवरून पुन्हा भाषण दे. परीक्षकांना कळलं तर परत ये, नाहीतर तुझी इथली जागा गेली.

घरी येऊन त्यानं वस्तादांना, म्हणजे त्याच्या आबांना, एवढंच सांगितलं, "इंग्रजी बोलण्यात कमी पडतोय." तिथंच घात झाला.

"कमी पडतोस म्हंजे अडतोस," वस्ताद म्हणाले. "सराव न्हाय तुला. सकाळी माझ्याम्होरं उभा ऱ्हा."

अडत नाही आबा, उलट थांबताच येत नाही, हे सांगायला उदयनं तोंड उघडलं होतं. पण वस्तादांपुढं 'पण' म्हणायची सवय त्याच्या अंगात कुणी राहूच दिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत इंग्रजीची तालीम सुरू झाली. वस्तादांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण गप्प बसणं त्यांना नेमकं कळायचं. उदय वाक्य संपवून श्वास घ्यायला थांबला की काठी पोटरीवर. शब्द आठवायला थांबला की पाठीवर. मधेच 'म्हणजे' निसटलं तर थेट मनगटावर. पाठीवर वळ उठले, मग वळांवर वळ उठले आणि कातडी फुटून सदरा चिकटू लागला. एकदा तो कोसळला, तर वस्तादांनी दंडाला धरून उभा केला आणि ते ओरडले, "पडल्या पडल्या बी बोलायचं!" तो रक्त थुंकत बुरशीची इंग्रजी नावं घेत राहिला.

तानाबाई, त्याची आई, मधे पडली. "मारून टाकताय का पोराला? परदेशात शिकतोय त्यो!"

"म्हणून तर," असं म्हणून वस्तादांनी तिच्याही हातावर एक ओढली. त्या हातानं तिला पुढं आठवडाभर भाकरी थापता आली नाही. उदयला त्या दिवशी बापाचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला. पण तोंडातून आणखी वेगानं इंग्रजीच बाहेर पडली.

परीक्षेच्या दुपारी तो खोलीत लॅपटॉपपुढं बसला. वस्ताद काठी घेऊन टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे उभे राहिले. पडद्यावर हेलनबाई आणि दोन परीक्षक. उदय सुटला तो तालमीसारखाच सुटला. वस्ताद खूश होऊन मान डोलवत होते. परीक्षकांच्या कपाळावर मात्र आठ्या.

"उदय, थांब," हेलनबाई म्हणाल्या. "आम्हाला काही कळत नाही. श्वास घे."

तो थांबला. काठी मांडीवर बसली.

"हा आवाज कसला?"

जागा जाणार हे त्याला दिसत होतं. वेग धरला तर परीक्षकांना कळणार नाही, सावकाश बोललं तर हाडं मोडतील. त्याला आयुष्यात पहिल्यांदा काठीपेक्षा दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती वाटली.

"माझे वडील," तो इंग्रजीत म्हणाला आणि थांबला. फटका. "शेजारी उभे आहेत." फटका. "मी बोलताना थांबलो, की ते मला मारतात." फटका.

हेलनबाई अर्ध्या उठल्या. परीक्षा बंद करू, कुणाला बोलावू का, म्हणाल्या.

"नको. मला बोलू द्या."

आणि तो बोलला. मुळं कशी कुजतात, बुरशी कुठून शिरते, सगळं एकेक वाक्य करून, प्रत्येक वाक्यानंतर पूर्ण श्वास घेऊन. प्रत्येक श्वासाला मांडीवर काठी पडत होती. वस्तादांना कळेना, एवढं मारून पोराची जीभ पळत का नाही. चिडून ते आणखी जोरात हाणू लागले. उदयचा ओठ दातांखाली फाटला, पण त्यानं एकही वाक्य पळवलं नाही.

"प्रत्येक शब्द कळला," शेवटी हेलनबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जागा तुझीच आहे. तू तिथून लवकर नीघ."

पडदा काळा झाला. उदय उठायला गेला, पण पाय धरेनात.

"काय म्हणाली बाई?" वस्तादांनी धापा टाकत विचारलं.

"पास झालो. सगळं कळलं म्हणाल्या."

"बघ! मी म्हणत न्हवतो?" वस्तादांनी त्याच्या सोललेल्या पाठीवर कौतुकाची थाप मारली.

उदयनं दात आवळले. "आबा, मी त्यास्नी तुमचं बी सांगितलं."

"माझं? काय सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं, ते."

वस्ताद लाजले. "माझं नाव कशापायी घ्यायचं रं परक्या मुलखात," म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.