पलीकडचं व्हर्जन

स्टेलाचं संध्याकाळचं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे तिच्या नवऱ्यालाही घाम फुटायचा. दिवसा ती नगरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि स्वयंपाक आवरला की फुकटची हमाली करायची. दोन कॉम्प्युटरांवरच्या फायली सारख्या ठेवणारा एक मोफत प्रोग्राम होता. त्याचं ती पॅकेज बांधायची, म्हणजे कुणालाही तो एका बटणात बसवता यावा अशी तयारी करून द्यायची. कुठकुठली माणसं तिचं पॅकेज वापरत. पगार शून्य, तक्रारी मात्र वेळेवर.

या प्रोग्रामला एक खोड होती. दोन्ही टोकांना एकच व्हर्जन लागायचं. एक जुनं आणि एक नवं असलं की दोघं एकमेकांशी बोलायलाच तयार नसत. नवं व्हर्जन आलं तेव्हा स्टेलानं पॅकेजमधून आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरूनही जुनं काढूनच टाकलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं तिचं मत. पलीकडचा कॉम्प्युटर जुना आहे, आता काय करू, अशी कुणी कुरकुर केली की ती एका ओळीत उत्तर द्यायची: तोही अपडेट करा. स्वभावानं वाईट नव्हती, पण कायम घाईत.

तिचे वडील कृपादान घोडेगावच्या पुढे एका वाडीत एकटे राहायचे. शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेले, चर्चमध्ये पेटी वाजवणारे. दर शनिवारी उद्याचं गीत ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर गाऊन ठेवत आणि ते त्याच प्रोग्राममधून आपोआप स्टेलाच्या घरी येई. पोळ्या लाटताना ती ऐकायची. दिवाळीच्या सुमारास गीतं यायची बंद झाली. फोनवर विचारलं तर म्हणाले, गळा बसलाय. तिनं आल्याचा काढा घ्यायला सांगितला आणि विषय संपवला.

नाताळच्या आधी ती वाडीवर गेली तर पेटीवर चादर आणि चादरीवर धूळ. गळा तर ठणठणीत होता. शेजाऱ्याच्या शेळीला ते खणखणीत आवाजात हाकलत होते. मग गाणं का थांबवलं, असं तिनं विचारलं.

कृपादानांनी चादरीचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "मशीनवर इंग्रजीत काईतरी आलं. चर्चच्या पाळकसाहेबांकडून वाचून घेतलं. म्हनले, तुमचं व्हर्जन जुनं झालंय, पलीकडं चालत न्हाई. मला वाटलं, पोरीनंच तसं करून ठिवलंय. नको आसंल आता म्हाताऱ्याचं गानं. तोंडावर सांगायला जड गेलं आसंल तुला."

करून तर स्टेलानंच ठेवलं होतं, वडिलांच्या मशीनचा विचार न करता.

वडिलांच्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन चढतच नव्हतं. नगरला परतून तिनं जुनं व्हर्जन वेगळ्या नावानं बांधायला घेतलं, नव्याच्या शेजारी नांदेल असं. पहिल्या खेपेला व्हर्जनचा नंबर तोच असूनही दोन टोकं बोलेनात, कारण तिनं ते नव्या कंपायलरवर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या साधनावर, घडवलं होतं. साचा बदलला की आतली घडणही बदलते. मग जुना कंपायलर शोधून तिनं सगळं पुन्हा केलं, आणि म्यानात दोन तलवारी राहिल्या. कुरकुर करणाऱ्या एकेकाला तिनं नव्यानं लिहिलं, माफी मागितली, आणि या वेळी आधी विचारलं, पलीकडे कोणतं व्हर्जन आहे.

शनिवारी फाईल आली. तिनं पिठाच्या हातानंच ती लावली. पेटीचा एक सूर धुळीनं चिकटत होता. गीत संपल्यावर त्याच फाईलमध्ये कृपादान खाकरले आणि त्यांनी हळूच विचारलं, "पोचलं का गं?"

"पोचलं, पप्पा," ती स्क्रीनकडे बघून म्हणाली. मग हात धुतले आणि फोन लावला.